भिंतीवरची जुनी दूरध्वनी पेटी बदलताना

भ्रमणध्वनी आता प्रत्येकाच्या खिशात असला, तरी अनेक घरांच्या दिवाणखान्यात दूरध्वनी संच अजूनही आपली जागा राखून आहे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना त्याची मोठी कळे आणि ठसठशीत आवाज सोयीचा वाटतो. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि नातेवाइकांच्या वह्यांत पंचवीस-तीस वर्षे तोच क्रमांक लिहिलेला असतो. असा दूरध्वनी एके दिवशी खरखरू लागतो, बोलता बोलता तुटतो किंवा एकदम मुका होतो. घरची मंडळी संचाला दोष देतात. नवा संच आणला जातो, पण खरखर तशीच राहते. अशा वेळी दोष पुष्कळदा भिंतीवर बसवलेल्या आणि वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या चौकोनी पेटीत असतो. लाइनमन मंडळी तिला ‘रोझेट’ म्हणतात.

ही पेटी बदलणे अवघड नाही. काम दोन तारांचे आणि चार स्क्रूंचे आहे. मात्र ते केव्हा स्वतः करावे, केव्हा करू नये, आणि करताना कोणती काळजी घ्यावी हे ठाऊक असावे लागते. घरात एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर या पेटीवर त्यांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध अवलंबून असतो. म्हणून या साध्या कामाची नीट माहिती करून घेणे उपयुक्त ठरेल.

कापसाच्या भावापासून फायबरपर्यंत

बुलढाणा जिल्ह्याचा तारेशी संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंबपासून खामगावला जाणारी रेल्वेची शाखा सुरू झाली. त्याच वर्षी मुंबई समुद्रतळाच्या तारेने लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला वऱ्हाडातील कापसाची मागणी तारेने नोंदवता येऊ लागली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले ते १८७६ साली, आणि मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. म्हणजे खामगावच्या बाजाराला दूरध्वनीच्या आधीच तारेची ओळख झाली होती. देशातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

स्वातंत्र्यानंतर बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनवलेला काळा, जड, गोल तबकडीचा संच घराघरांत आला. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने लहान गावांसाठी देशी बनावटीची स्वयंचलित केंद्रे विकसित केली. धूळ आणि उष्णता सहन करणारी ही केंद्रे वातानुकूलनाशिवाय चालत. त्यामुळे तालुक्याच्या गावांपलीकडेही दूरध्वनी पोहोचला. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार सेवेचे काम भारत संचार निगमकडे गेले, आणि जानेवारी २००५ पासून त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड मिळू लागले.

जिल्ह्यातील जुन्या ग्राहकांना आपापले एसटीडी क्रमांक आजही तोंडपाठ असतील. लोणार ०७२६०, देऊळगाव राजा ०७२६१, बुलढाणा ०७२६२, खामगाव ०७२६३, चिखली ०७२६४, नांदुरा ०७२६५, जळगाव जामोद ०७२६६, मलकापूर ०७२६७, मेहकर ०७२६८ आणि सिंदखेड राजा ०७२६९ असा हा सलग क्रम आहे. शेगावचा कारभार नांदुऱ्याच्याच ०७२६५ या क्रमांकावर चालतो.

दोन तारांत काय चालते?

पेटी उघडण्यापूर्वी तिच्यात येणाऱ्या तारांविषयी थोडे जाणून घ्यावे. दूरध्वनी केंद्रातून भूमिगत केबल निघते आणि रस्त्याकडेच्या लोखंडी कपाटातून वाटली जात, खांबावरील किंवा भिंतीवरील ‘डीपी’पर्यंत येते. डीपीपासून आपल्या घरापर्यंत जी काळी, जोड तार हवेतून येते ती ‘ड्रॉप वायर’ होय. तिचे शेवटचे टोक रोझेटमध्ये किंवा घराच्या प्रवेशापाशी बसवलेल्या लहान जोडपेटीत बांधलेले असते. तेथून पुढे घरातील बारीक तार खोल्यांत जाते.

या दोन तारांत केंद्रातील बॅटरीचा एकदिश दाब सतत असतो. रिसीव्हर खाली ठेवलेला असताना तो सुमारे ४८ व्होल्ट भरतो. रिसीव्हर उचलला की तारांतून प्रवाह वाहू लागतो आणि दाब उतरून साधारणपणे ६ ते १२ व्होल्टवर येतो. हा प्रवाह सुरू झाला की केंद्राला ग्राहकाने फोन उचलल्याचे कळते आणि ते डायल टोन पाठवते. बाहेरून फोन आला, की घंटी वाजवण्यासाठी केंद्र याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तने होणारा, दिशा बदलता प्रवाह सोडते. आपल्याकडची ‘ट्रिंग-ट्रिंग... ट्रिंग-ट्रिंग’ ही परिचित लय केंद्रातूनच येते. ०.४ सेकंद घंटी, ०.२ सेकंद विराम, पुन्हा ०.४ सेकंद घंटी आणि मग २ सेकंद शांतता, असा तिचा क्रम असतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे तांब्याच्या तारेवरील साध्या संचाला घरची वीज लागत नाही. विदर्भाने दीर्घ भारनियमन सोसले त्या काळात पंखे थांबत, दिवे विझत, पण केंद्रातील बॅटरी चालू असेपर्यंत दूरध्वनी चालू राही. दुसरी म्हणजे या तारा ‘मेलेल्या’ नसतात. ४८ व्होल्टचा दाब कोरड्या हाताला सहसा जाणवत नाही. परंतु काम चालू असताना नेमका फोन आला, तर घंटीच्या प्रवाहाचा झणका चांगलाच बसतो. स्टुलावर वा शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला विजेपेक्षा तोल जाण्याचा धोका अधिक असतो.

पेटी का बिघडते?

जुन्या रोझेटमध्ये पितळी स्क्रू असत आणि संचाची दोरी थेट त्या स्क्रूंना आवळलेली असे. संच दुसऱ्या खोलीत न्यायचा तर पेटी उघडावी लागे. १९७० च्या दशकात अमेरिकेत खटक्याने बसणारा लहान, पारदर्शक प्लग रूढ झाला. तोच पुढे जगभर पसरला आणि ‘आरजे ११’ या नावाने आपल्याकडे आला. त्याच्या खोबणीत सहा जागा असतात. एका दूरध्वनीसाठी त्यांपैकी मधल्या दोनच उपयोगाच्या असतात.

या दोन्ही प्रकारांचा मुख्य शत्रू ओलावा आहे. पावसाळ्यात भिंत पाझरते, फरशी पुसताना पाणी उडते, कूलरची दमट हवा पेटीत शिरते. तांब्यावर आणि पितळेवर हिरवट थर चढतो आणि स्पर्श अर्धवट होतो. मग आवाज खरखरतो आणि ब्रॉडबँड वारंवार तुटते. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांचा पूर्णा खोऱ्यातील भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथे भिंतींना लोणा लागतो, आणि अशा भिंतीवरील धातू लवकर गंजतो. काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे जमिनीतील केबलच्या सांध्यांवरही ताण येतो. तो दोष मात्र आपल्या हातातला नसतो.

उन्हाळ्याचेही असेच आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा शहर तुलनेने थंड असते, पण घाटाखालच्या मलकापूर, खामगाव, शेगाव परिसरात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. पश्चिमेकडच्या भिंतीवरील प्लास्टिकची पेटी काही उन्हाळ्यांत ठिसूळ होते. खोबणीतील बारीक तारांची लवचीकता जाते आणि प्लग सैल बसू लागतो. मुंग्या आणि पाली तर जुन्या पेटीच्या कायमच्या भाडेकरू असतात.

दोष घरात की बाहेर?

नवी पेटी आणण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा, म्हणजे खर्च व मेहनत वाचते. शेजाऱ्यांचे दूरध्वनीही त्याच दिवशी बंद पडले असतील, तर दोष बहुधा बाहेर आहे. तसे नसेल तर पुढील क्रमाने तपासावे.

१. घरातील सर्व संच, मोडेम, फॅक्स आणि कॉलर आयडीचे यंत्र काढून ठेवावे. चालू असल्याची खात्री असलेला एकच संच पेटीत लावून पाहावा. आवाज स्वच्छ आला, तर काढलेल्या उपकरणांपैकी एखादे दोषी आहे.

२. दोरी बदलून पाहावी. संच चांगला आणि दोरी तुटलेली, असे फार वेळा आढळते.

३. प्रवेशापाशी जोडपेटी असेल, तर घरात जाणारी तार तेथून सोडवून बाहेरून येणाऱ्या तारेवरच संच लावून पाहावा. तेथे आवाज स्वच्छ असेल, तर दोष घरातील तारेत किंवा रोझेटमध्ये आहे. तेथेही खरखर असेल, तर पेटी बदलून काही होणार नाही. सेवा कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी.

मल्टिमीटर असल्यास काम अधिक सोपे होते. तो एकदिश दाबाच्या २०० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवावा. रिसीव्हर खाली असताना पेटीतील दोन स्क्रूंमध्ये ४८ ते ५२ व्होल्टच्या आसपास आकडा यावा. आकडा शून्य आला, तर तार कोठे तरी तुटली आहे किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. रिसीव्हर खाली असूनही दाब फारच कमी दिसत असेल, तर ओलाव्यामुळे प्रवाह गळत असावा अशी शंका घ्यावी.

नेहमीच्या निऑन टेस्टरवर येथे विसंबू नये. ४८ व्होल्टच्या दाबाने तो पेटत नाही, त्यामुळे टेस्टर विझलेला दिसला म्हणून तार निर्जीव आहे असे होत नाही. उलट दूरध्वनीच्या तारेवर टेस्टर सतत ठळक पेटत असेल, तर घरातील विजेची तार तिला कोठे तरी लागली आहे. अशा वेळी काहीही न उघडता मुख्य स्विच बंद करावा आणि वीजतंत्रीला बोलवावे.

आधी सुरक्षितता

आभाळ गडगडत असताना दूरध्वनीच्या तारेला हात लावू नये. मृगाच्या पहिल्या पावसात आणि अवकाळीच्या दिवसांत खांबावरून आलेली लांब तार आकाशातील विजेला घरात येण्याची वाट करून देते. अशा वेळी पेटी उघडणे तर दूरच, तारेच्या दूरध्वनीवर बोलणेही टाळावे आणि मोडेमची दोन्ही जोडणी काढून ठेवावीत.

हात, फरशी आणि पायांतील चपला कोरड्या असाव्यात. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. प्रवेशापाशी जोडपेटी असेल, तर घरात येणारी जोडी तेथून सोडवावी, म्हणजे पुढील तारा पूर्ण निर्जीव होतात. ड्रॉप वायर थेट रोझेटमध्येच येत असेल, तर ती सोय नसते. त्याच जोडणीवर दुसऱ्या खोलीत संच असल्यास त्याचा रिसीव्हर उचलून ठेवावा. दाब उतरतो आणि केंद्राला फोन व्यग्र दिसत असल्याने घंटीचा प्रवाह येत नाही. दुसरा संच नसेल, तर एका वेळी एकच तार हाताळावी आणि तिच्या उघड्या टोकावर लगेच इन्सुलेशन टेप गुंडाळावी. दोन्ही उघड्या तारांना एकाच वेळी स्पर्श करू नये.

ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. लहान मुलांना काम संपेपर्यंत दूर ठेवावे.

लागणारे साहित्य

विजेच्या साहित्याच्या दुकानात ‘आरजे ११ रोझेट’ मागितल्यास भिंतीवर बसणारी पेटी मिळते. ती घेताना खोबणीतील बारीक तारा सोनेरी मुलाम्याच्या आणि समान उंचीच्या आहेत ना, हे पाहावे. दुकानातच एखादा प्लग लावून खटका नीट बसतो का, तेही तपासावे. किंमत थोडीच असल्याने अगदी हलकी पेटी घेण्यात शहाणपण नाही. याशिवाय लहान-मोठे दोन पेचकस, तार सोलण्याचे हत्यार किंवा बारीक पक्कड, इन्सुलेशन टेप, कोरडा ब्रश, बारीक सँडपेपर आणि भिंतीसाठी प्लास्टिकच्या गिट्ट्या लागतील. भ्रमणध्वनीचा कॅमेराही जवळ ठेवावा.

बदलण्याची कृती

१. जुन्या पेटीचे झाकण काढावे. बहुतेक झाकणे एका मधल्या स्क्रूवर असतात, काही बाजूच्या खटक्यांवर बसतात. जुने प्लास्टिक जोराने ओढल्यास तुटते, म्हणून पेचकसाच्या टोकाने हलकेच उचकटावे.

२. आत काहीही हलवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. कोणती तार कोणत्या स्क्रूला आहे, किती तारा येतात आणि किती जातात, हे त्यात स्पष्ट दिसले पाहिजे. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नये. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या रंगांची तार वापरली गेली आहे, आणि पुष्कळदा वाटेत सांधा मारून रंग बदललेला असतो.

३. एका स्क्रूला दोन तारा दिसल्या, तर त्यांतील एक बाहेरून आलेली आणि दुसरी पुढच्या खोलीत गेलेली असते. दोन्ही जोड्यांना कागदाची चिठ्ठी लावून ‘बाहेरची’ आणि ‘आतली’ असे लिहावे. येथे गफलत झाली, तर दिवाणखान्यातील फोन सुरू होतो आणि माडीवरचा बंद पडतो.

४. स्क्रू सैल करून एकेक तार सोडवावी. टोक हिरवे किंवा काळे पडले असेल, तर सँडपेपरने घासण्यात वेळ न घालवता तेवढा भाग कापून टाकावा. नव्याने सुमारे १ सेंटिमीटर आवरण सोलावे. घरातील तार अर्धा मिलिमीटर जाडीची असते. सोलताना तिच्यावर चरा पडला, तर ती काही दिवसांनी तेथेच तुटते. म्हणून पात्याचा जोर आवरणापुरताच असावा.

५. नवी पेटी भिंतीवर बसवावी. जुनी भोके जुळली तर उत्तम, नाही तर नवी पाडून गिट्ट्या ठोकाव्यात. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहकर येथील जुन्या वाड्यांच्या किंवा धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतींत प्लास्टिकची गिट्टी तग धरत नाही. तेथे लाकडी पट्टी बसवून तिच्यावर पेटी लावावी, किंवा दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा. पेटी फरशीपासून निदान एक वीत वर असावी आणि खोबणीचे तोंड वरच्या बाजूला येऊ नये. तोंड वर असले की धूळ व पाणी थेट आत साचते.

६. नव्या पेटीत चार स्क्रू असतील, तर मधल्या दोन खोबण्यांना जोडलेले दोन स्क्रू शोधावेत. आतून निघालेल्या बारीक रंगीत तारांचा माग घेतला की ते कळतात. पुष्कळ पेट्यांत या तारा लाल व हिरव्या असतात. पण डोळ्यांनी माग काढणे अधिक खात्रीचे.

७. तारेचे टोक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने स्क्रूभोवती गुंडाळावे. स्क्रू आवळताना ते आत ओढले जाते. उलट दिशेने गुंडाळल्यास बाहेर पडते. दोन वॉशर असतील, तर तार त्यांच्यामध्ये यावी. आवरण स्क्रूखाली दाबले जाऊ नये, आणि उघडी तार स्क्रूबाहेर अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक राहू नये.

८. दोन तारांची अदलाबदल झाली तर काय, अशी भीती अनेकांना वाटते. अलीकडच्या बहुतेक संचांना याने फरक पडत नाही. त्यांच्या आत दोन्ही दिशांचा प्रवाह सरळ करून घेण्याची सोय असते. काही जुन्या बटणांच्या संचांत मात्र ऐकू येते पण क्रमांक लागत नाही. तसे झाल्यास तारा उलटसुलट करून पाहाव्यात.

९. झाकण लावण्यापूर्वी चाचणी घ्यावी. डायल टोन अखंड आणि खरखरीविना आला पाहिजे. एक फोन बाहेर करावा. दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीला फोन लावताना क्रमांकाआधी शून्य लावावे लागते. १५ जानेवारी २०२१ पासून हा नियम लागू झाला आहे. तो ठाऊक नसल्याने दुरुस्ती फसली असे समजून पेटी पुन्हा उघडणारेही आढळतात. मग भ्रमणध्वनीवरून घरच्या क्रमांकावर फोन करून घंटी वाजते का ते पाहावे. चाचणीसाठी ११२ किंवा १०८ हे आणीबाणीचे क्रमांक कधीही लावू नयेत.

१०. तार पेटीत शिरते तेथे थोडी ढील ठेवावी. भिंतीवर पट्टीने किंवा खिळ्यांनी तार बसवताना खिळा तारेतून जाणार नाही, याची काळजी घ्यावी. दूरध्वनीची तार आणि विजेची तार एकाच पट्टीतून नेऊ नये. त्या एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

ब्रॉडबँड त्याच तारेवर असेल तर

बोलण्याचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात मावतो. ब्रॉडबँड त्याच तारेवर, परंतु त्याहून कितीतरी वरच्या कंपनसंख्यांवर चालते. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून ‘स्प्लिटर’ नावाची लहान डबी लावलेली असते. तिची तीन तोंडे असतात. बाहेरची तार ‘लाइन’ला, संच ‘फोन’ला आणि मोडेम ‘मोडेम’च्या तोंडाला लावावा. एखादा जादा संच स्प्लिटरच्या आधीच जोडला गेला, तर तो उचलताच इंटरनेट तुटते आणि बोलताना फुसफुस ऐकू येते. नवी पेटी लावताना स्प्लिटर शक्यतो पहिल्याच पेटीपाशी ठेवावा, आणि घरातील इतर सर्व संच त्याच्या ‘फोन’ तोंडापुढे जोडावेत. अनावश्यक सांधे आणि वापरात नसलेल्या, लोंबत्या तारा काढून टाकल्या तरी वेगात फरक पडतो.

घरात फायबर आला असेल तर

अलीकडे अनेक गावांत तांब्याच्या तारेची जागा प्रकाशतंतूने घेतली आहे. अशा घरी काचेचा बारीक धागा एका यंत्रापर्यंत येतो, आणि दूरध्वनीचा प्लग त्या यंत्राच्या ‘फोन’ किंवा ‘टेल’ या तोंडाला लावतात. जुना क्रमांक राहतो, परंतु जुनी पेटी निरुपयोगी होते. ती काढून टाकण्याची घाई मात्र करू नये. यंत्राच्या फोनच्या तोंडापासून एक दोरी जुन्या रोझेटला जोडली, तर घरातील सगळ्या खोल्यांतील पेट्या पुन्हा जिवंत करता येतात.

येथे एक अट काटेकोरपणे पाळावी. त्याआधी खांबावरून आलेली जुनी ड्रॉप वायर रोझेटपासून पूर्णपणे वेगळी करावी आणि तिची टोके स्वतंत्रपणे टेपने बंद करावीत. जुनी तार जोडलेलीच राहिली, तर केंद्राकडून येणारा दाब, किंवा पावसाळ्यात त्या तारेवर आलेला विजेचा लोट, नव्या यंत्रात शिरून ते निकामी करू शकतो. गोल तबकडीच्या जुन्या संचाची हौस असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तबकडीचे स्पंदन अनेक नव्या यंत्रांना समजत नाही. त्यावर आलेला फोन घेता येतो, पण क्रमांक लावता येईलच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचा फरक विजेचा आहे. फायबरचे यंत्र घरच्या विजेवर चालते. वीज गेली की दूरध्वनीही जातो. वृद्ध किंवा आजारी माणूस घरात एकटा असेल, तर या यंत्राला लहान इन्व्हर्टर किंवा बॅटरीचा आधार द्यावा. डोंगराच्या आड वसलेल्या, भ्रमणध्वनीचा संपर्क क्षीण असलेल्या वस्त्यांत तर हा खर्च टाळू नये. तांब्याच्या तारेने आपल्याला वीज नसतानाही बोलता येण्याची सवय लावली आहे. तार बदलली की ही सवय धोक्याची ठरू शकते.

हे स्वतः करू नये

डीपी उघडणे, खांबावर चढणे, ड्रॉप वायर ओढणे किंवा तिला मध्ये सांधा मारणे ही कामे ग्राहकाची नव्हेत. त्या तारांवर इतरांचेही दूरध्वनी अवलंबून असतात, आणि खांबावर शेजारीच विजेच्या वाहिन्या असू शकतात. शेगावच्या लॉजमध्ये किंवा खामगावच्या पेढ्यांमध्ये असलेल्या अंतर्गत दूरध्वनी यंत्रणेच्या तारांनाही जाणकाराशिवाय हात लावू नये. तिची पेटी दिसायला तशीच असली तरी जोडणी निराळी असते. पेटीत जळाल्याची खूण, वितळलेले प्लास्टिक किंवा पाझरणारे पाणी दिसले, तर केवळ पेटी बदलून थांबू नये. कारण शोधल्याशिवाय नवी पेटीही त्याच वाटेने जाईल.

काम झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूस तारीख आणि ‘बाहेरची तार कोणती’ एवढे पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी पेटी उघडणारा, मग तो लाइनमन असो वा घरातलाच कोणी, त्याचा निम्मा वेळ वाचेल. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, एकदा झाकण काढून कोरड्या ब्रशने धूळ झटकावी आणि स्क्रू सैल झाले नाहीत ना ते पाहावे. पाच मिनिटांची ही निगा राखली, तर आडरात्री गावाहून येणारा फोन खरखरीत हरवणार नाही आणि घरातील वडीलधाऱ्यांचा आवाजही पलीकडे स्पष्ट पोहोचेल.